काळा भट : खळ्यावरून चुलीपर्यंत

आपल्या राज्यात ४० लाख हेक्टरांहून अधिक जमिनीत सोयाबीन होते. महसूल खात्यात असताना पीकपाहणीच्या रकान्यात हे नाव आम्ही असंख्य वेळा लिहिले. परंतु ते पिकविणाऱ्याच्या ताटात क्वचितच पाहिले. दाणा खळ्यावरून पोत्यात, पोते बाजारात, आणि आलेल्या पैशांतून घरी तूरडाळ व तेल, हाच क्रम. जे धान्य आपणांस रांधता येत नाही त्याची किंमत दुसऱ्यानेच ठरवावयाची, हे उघड आहे. याच धान्याचा काळा वाण हिमालयातील लहान शेतकरी रोजच्या जेवणात खातो. तो कसा, याचा विचार येथे करावयाचा आहे.

उत्तराखंडातील कुमाऊँ व गढवाल या डोंगरी प्रदेशांत 'भट' नावाचे कडधान्य पिढ्यान्पिढ्या होते. नावावरून भिक्षुकाचा बोध घेऊ नये. हे काळ्या सालीचे सोयाबीनच होय. 'बारहनाजा' या मिश्र पेरणीत नाचणी, राजगिरा, राजमा, उडीद, कुळीथ यांच्या जोडीने ते पेरतात. एक पीक बुडाले तरी दुसरे हाती लागते. नव्या बियाण्यांपुढे हे जुने वाण मागे पडू लागले तेव्हा, १९८० नंतरच्या दशकात, टिहरी जिल्ह्यात विजय जडधारी व त्यांचे सोबती यांनी 'बीज बचाओ आंदोलन' चालविले. २०२३ साली काळ्या भटास भौगोलिक मानांकनही मिळाले. तथापि आमच्या मते हा वाण टिकला याचे पहिले कारण तेथील गृहिणींची लोखंडी कढई हेच आहे.

चुडकाणी. रात्री भिजविलेला एक वाटी भट निथळून फडक्यावर कोरडा करावा. लोखंडी कढईत मोहरीचे तेल तापवून, वर झाकण ठेवून, साली तडकेपर्यंत दाणे परतावे व काढून ठेवावे. उरलेल्या तेलात जिरे, लसूण व कांदा घालून दोन चमचे कणीक तांबूस भाजावी. हळद, धणेपूड, तिखट, मीठ, दाणे व पाच-सहा वाट्या पाणी घालून दाणा बोटांनी सहज चेपेपर्यंत मंद शिजवावे. रस्सा काळसर होतो. तो गरम भाताबरोबर खावा.

जौला. भिजविलेला भट भरड वाटून तांदळासह भरपूर पाण्यात शिजवितात. हा लवकर उतू जातो व तळाशी लागतो. म्हणून सतत ढवळावे. कोथिंबीर-मिरची घालून वाटलेल्या मिठाबरोबर खावा.

आपल्या घरच्या पिवळ्या दाण्यासही ही रीत लागू आहे; मात्र तीन नियम पाळावेत :

१. सोयाबीन कच्चे खाऊ नये. त्यातील प्रथिनांचे पचन रोखणारे द्रव्य उष्णतेनेच नष्ट होते.

२. भिजविल्याचे पाणी टाकून दाणे उकळत्या पाण्यातच सोडावेत, म्हणजे कच्चट वास कमी होतो. वाटावयाचे असल्यास उकळल्यानंतर वाटावे.

३. औषध लावलेले बियाणे कितीही धुतले तरी खाण्यास घेऊ नये.

ज्या धान्यात शंभर भागांत सुमारे ४० भाग प्रथिने व २० भाग तेल आहे, ते आपल्याच मुलांच्या वाट्यास येऊ नये, हा तोटा कोणत्याही हिशेबाच्या वहीत दिसत नाही.

काळ्या भटाचे बी मिळाल्यास प्रथम एक गुंठाच पेरावा. सोयाबीनची फुले दिवसाच्या लांबीनुसार लागतात. उत्तरेचा वाण आपल्याकडे लवकर फुलून झाड लहान राहण्याचा संभव आहे. हे पीक स्वपरागित असल्यामुळे बी घरी राखता येते. परंतु त्याची साल नाजूक असते. म्हणून बियाण्यापुरत्या शेंगा काठीने हलक्या हाताने झोडाव्या, दाणा कोरड्या जागी ठेवावा, व पेरणीपूर्वी शंभर दाणे ओल्या गोणपाटात ठेवून पाहावे. सत्तर उगवले तर बी चांगले समजावे.

यंदा पोती बाजारात नेण्यापूर्वी निदान एक पायली घरासाठी बाजूला काढावी, एवढीच आमची वाचकांस विनंती आहे. भाव काहीही निघो, तेवढे धान्य तरी आपले राहील.