आधी व्याजाचा दर पाहा, मग कर्ज फेडा

शेतीचे उत्पन्न वर्षातून एकदोनदा येते, खर्च मात्र रोज असतो. खानापूर भागातले भात नाताळाच्या आसपास मळून घरी येते. ऊस तोडून गेल्यावर चौदा दिवसांत बिल मिळावे असे १९६६ सालचा ऊस नियंत्रण आदेश सांगतो, तरी ते पुष्कळदा लांबते. मधल्या महिन्यांत बियाणे, खत, शाळेची फी आणि आजारपण थांबत नाही. म्हणून शेतकऱ्याने कर्ज काढणे हा काही दोष नव्हे. ते कोणाकडून काढले, किती व्याजाने काढले आणि मुदतीत फेडले की नाही, यावर घर तरते किंवा बुडते.

१. सगळे कर्ज वहीत मांडा

पुष्कळ घरांत आपले एकूण कर्ज किती हे नवऱ्याला वेगळे आणि बायकोला वेगळे माहीत असते. दोघांनी एकत्र बसून प्रत्येक कर्ज लिहावे. नमुन्यादाखल एक घर घेऊ.

सावकाराचे ४०,००० रुपये, शेकडा पाच. वर्षाचे व्याज २४,०००.
महिला संघाचे २०,००० रुपये, शेकडा दोन. वर्षाचे व्याज ४,८००.
सोनेतारण ६०,००० रुपये, सालीना १२ टक्के. व्याज ७,२००.
बँकेचे पीक कर्ज १,००,००० रुपये, मुदतीत फेडल्यास ४ टक्के. व्याज ४,०००.
दुकानाची उधारी १५,००० रुपये, व्याज नाही.

कर्ज झाले २,३५,०००, आणि व्याज वर्षाला ४०,०००. आता नीट पाहा. सावकाराचे कर्ज एकूण कर्जाच्या जेमतेम सहाव्या हिश्श्याइतके, पण व्याजाच्या दर शंभर रुपयांतले साठ रुपये तोच नेतो. ‘शेकडा पाच’ ऐकायला लहान वाटते, कारण तो महिन्याचा दर असतो. बाराने गुणा, म्हणजे सालीना साठ टक्के होतात. बँकेचा आकडा मोठा असल्यामुळे आपण त्याला घाबरतो आणि घराला पोखरणारे लहान कर्ज तसेच राहू देतो.

२. महाग कर्ज आधी फेडा

इतर सर्व कर्जांचा ठरलेला हप्ता किंवा व्याज चालू ठेवावे, आणि हाती येणारा जादा पैसा सर्वांत जास्त दराच्या कर्जात भरावा. वरील घराने एखादे भाकड जनावर किंवा न वापरलेली मोटरसायकल विकून, त्यात भाताचे थोडे पैसे घालून सावकाराचे ४०,००० मिटवले, तर महिना २,००० रुपये व्याज सुटते. हे दोन हजार खर्चात जाऊ देऊ नयेत. संघाला महिना ४०० व्याज जात होते. त्यात हे घालून २,४०० भरले आणि संघ शिल्लक रकमेवरच व्याज लावत असेल, तर ते कर्ज दहाव्या महिन्यात संपते. मग तेच २,४०० आणि सोन्याच्या व्याजाचे ६०० मिळून ३,००० दरमहा भरल्यास तेविसाव्या महिन्यात दागिने घरी येतात. म्हणजे तीन वर्षांच्या आत, नवीन कमाई न वाढवता, तीन कर्जे संपली. दुकानदाराला सुगीला थोडे थोडे द्यावे, आणि यापुढे सामान रोखीने आणावे.

कर्ज मिटवताना कोरे चेक, सही केलेला स्टँप पेपर आणि जमिनीचे कागद हातात परत घ्यावेत व पैसे पोचल्याची पावती लिहून घ्यावी. व्याजी पैशासाठी तारण म्हणून जमिनीचे खरेदीखत कधीही करून देऊ नये. ते तारण होते हे पुढे कोर्टात सिद्ध करणे फार कठीण जाते.

३. स्वस्त कर्जाची तारीख सांभाळा

सावकाराच्या तावडीतून शेतकऱ्याने सुटावे म्हणूनच १९०४ चा सहकारी पतसंस्थांचा कायदा झाला, आणि १९०५ साली आपल्याजवळच, गदगजवळच्या कणगिनहाळ गावी शेतकऱ्यांची पतसंस्था उभी राहिली. आज बँकेचे तीन लाखांपर्यंतचे पीक कर्ज सात टक्क्यांनी मिळते, आणि मुदतीत फेडणाऱ्यास आणखी तीन टक्के सूट असते. कर्नाटकात सहकारी सोसायटीचे अल्पमुदतीचे कर्ज वेळेवर फेडणाऱ्यास बिनव्याजी आहे, आणि २०२३ साली त्याची मर्यादा तीन लाखांवरून पाच लाख करण्यात आली. तारीख चुकली की सवलत गेली.

येथे एक खोड सांगितली पाहिजे. मुदत जवळ आली की आठ दिवसांसाठी सावकाराकडून पैसे उचलायचे, सोसायटी भरायची, नवे कर्ज उचलून सावकाराला द्यायचे. यालाच आपण ‘नवं-जुनं करणे’ म्हणतो. असे केल्याने कर्ज फिटत नाही, त्याची फक्त तारीख बदलते. सुगीचा पैसा येईल त्याच दिवशी पीक कर्जाचा वाटा बाजूला काढावा, मग पुढच्या बियाण्याचा व खताचा, आणि उरलेल्यात घरखर्च महिन्यांवर वाटून घ्यावा. दुधाचा पैसा हप्त्यांसाठी राखावा.

४. पुन्हा कर्जात पडू नये म्हणून

फिटलेले कर्ज परत येते ते बहुधा तीन वाटांनी. पहिली वाट दवाखान्याची. आयुष्मान भारत – आरोग्य कर्नाटक योजनेत दारिद्र्यरेषेखालील कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंत उपचार मिळतो. कार्ड आजारी पडण्यापूर्वी काढावे. दुसरी वाट बुडालेल्या पिकाची. खरिपातल्या भाताचा विमा शेतकऱ्याला विमा रकमेच्या दोन टक्क्यांत मिळतो. तिसरी वाट समारंभाची. बाप्तिस्मा, पहिला ख्रिस्तप्रसाद आणि लग्न या संस्कारांसाठी कोणाला कर्ज काढावे लागत नाही, मांडव, जेवणावळ आणि बँडबाजा यांसाठी काढावे लागते. ज्याची ऐपत चहा-केकची आहे, त्याने चहा-केक द्यावा. समाजाने त्याला नावे ठेवू नयेत, हे आपणा सर्वांचे काम आहे.

यांशिवाय, एका मायक्रोफायनान्सचा हप्ता भरण्यासाठी दुसऱ्याकडून उचलू नये. घरातील सर्व कर्जांचे मासिक हप्ते घराच्या मासिक उत्पन्नाच्या निम्म्याहून अधिक होतील असे कर्ज मायक्रोफायनान्स कंपनीने देऊ नये, असा रिझर्व्ह बँकेचा २०२२ चा नियम आहे. निम्मे ही शेवटची हद्द समजावी. तिथपर्यंत जाण्याची गरज नाही.

५. तगाद्याला भिऊ नका

परवाना नसताना सावकारी करणे गुन्हा आहे. वसुलीसाठी धमकावणे, घरासमोर बसून अपमान करणे, सामान उचलून नेणे याविरुद्ध कर्नाटकात २०२५ साली कायदा झाला आहे. एकट्याने सोसू नये. चार शहाण्या माणसांना घेऊन पोलीस ठाण्यात जावे. घरातील कर्ता माणूस अबोल झाला, जेवेनासा झाला, जगण्यात अर्थ नाही असे बोलू लागला, तर त्याला एकटे सोडू नका. १४४१६ या सरकारी क्रमांकावर दिवसरात्र फुकट बोलता येते. कर्ज उशिरा का होईना फिटते. गेलेला माणूस परत येत नाही.

या आठवड्याचे काम: एक वही आणा. रविवारी जेवणे झाल्यावर पतिपत्नींनी, आणि घरात मोठी मुले असतील तर त्यांनीही बसून, प्रत्येक कर्जापुढे रक्कम, महिन्याचा दर गुणिले बारा आणि फेडीची तारीख लिहा. सर्वांत मोठ्या दराखाली तांबडी रेघ मारा. पहिला जादा रुपया तेथे जाईल.