खलाशी बाहेरचा, मग आजार कुठला? सुरतच्या उदाहरणावरून समजून घेऊ



हंगाम तोंडावर आला की खलाशी जमवायची धावपळ सुरू होते आणि त्याच वेळी एक मेसेज पुन्हा फिरायला लागतो : "बाहेरचे खलाशी एड्स घेऊन येतात, बोटीवर घ्यायच्या आधी त्यांचं रक्त तपासा." काही बोटमालकांनी विचारलं, सोसायटीनेच तसा नियम का करू नये? प्रश्न आला आहे तर त्याचं उत्तर नीट द्यायला हवं. म्हणून आजचा हा धडा. थोडा लांब आहे, पण घरातल्या बायामाणसांसकट सगळ्यांनी वाचा.

आधी दोन शब्द. एचआयव्ही हा विषाणू. तो अंगात शिरल्यावर उपचार मिळाले नाहीत, तर बऱ्याच वर्षांनी प्रतिकारशक्ती ढासळते, त्या शेवटच्या अवस्थेला एड्स म्हणतात. म्हणजे एचआयव्ही असलेला प्रत्येक माणूस एड्सचा रुग्ण नसतो.

१. सरकारला आकडे कळतात कसे?

सगळ्या देशाचं रक्त तपासता येत नाही. म्हणून राष्ट्रीय एड्स नियंत्रण संस्था, म्हणजे नॅको, ठरावीक केंद्रांवर ठरावीक काळात नमुने घेते. गरोदर बायकांचे नमुने घेतात, कारण त्यावरून सर्वसाधारण घरांची परिस्थिती कळते. शिवाय कामासाठी घर सोडून एकटे राहणारे पुरुष, लांब पल्ल्याचे ट्रकवाले आणि इतर काही गट वेगळे मोजतात.

२०१७ च्या पाहणीत गरोदर बायकांमध्ये प्रमाण ०.२८ टक्के होतं, एकट्या स्थलांतरित पुरुषांमध्ये ०.५१ टक्के आणि ट्रकवाल्यांमध्ये ०.८६ टक्के. हजारात मोजायचं तर साधारण तीन, पाच आणि नऊ.

स्थलांतरितांमध्ये प्रमाण जास्त आहे हे खरं, ते लपवायचं कारण नाही. पण हजारातल्या ९९५ जणांना काहीच नव्हतं, हेही तोच आकडा सांगतो. आणि ज्या पाच जणांना होतं, त्यांना ते कुठे लागलं हे तो आकडा सांगतच नाही. मेसेज लिहिणारा नेमका इथेच चुकतो.

२. सुरत आणि गंजाम

सुरतेत यंत्रमागावर ओडिशाचे लाखो कामगार आहेत. त्यातले बहुतेक एकाच जिल्ह्यातले, गंजामचे. बारा-बारा तासांची पाळी, एका खोलीत कितीतरी जण, एक उठला की त्याच अंथरुणावर दुसरा झोपतो. बायको-पोरं गावाला. बोटीची केबिन ज्याने पाहिली आहे त्याला हे वेगळं सांगायला नको.

ओडिशातल्या एचआयव्हीच्या रुग्णांमध्ये गंजामचा वाटा फार मोठा राहिला आहे. गुजरातमध्ये सुरतही जास्त रुग्ण असलेल्या जिल्ह्यांपैकी. सुरतवाला म्हणेल, "ओडिशातून आला." गंजामवाला म्हणेल, "सुरतेहून आला." मग खरं काय मानायचं?

समजा, एक तरुण विशीत सुरतेला आला. तेव्हा तो निरोगी होता. काही वर्षांनी कुठल्यातरी असुरक्षित संबंधातून त्याला लागण झाली. त्याला कळलंच नाही, कारण कित्येक वर्षं काही त्रास होत नाही. तो सुट्टीत गावी गेला. पुढे बायको गरोदर राहिली, दवाखान्यात तपासणी झाली आणि तिचा रिपोर्ट पॉझिटिव्ह आला. नोंद झाली गंजामला! लागण सुरतेत, नोंद गावात, आणि जी बाई गाव सोडून कधी बाहेर गेली नाही तिच्या माथी बोल.

म्हणजे आजार जिथे सापडतो तिथेच तो लागला असं नाही. शिवाय ज्या गटाची तपासणी जास्त होते, त्यात रुग्णही जास्त सापडतात. जिथे तपासणीच होत नाही, तिथे आजार नाही असं समजू नका.

३. मग लागण कुठे झाली हे शोधतात कसं?

होडी किती दिवस पाण्यात आहे हे तिच्या तळाला धरलेल्या शेवाळावरून आणि शिंपल्यांवरून आपण ओळखतो. डॉक्टरही तसंच काहीसं करतात. रक्तात सीडी-४ नावाच्या पेशी असतात. उपचार नसतील तर त्या वर्षागणिक कमी होत जातात. किती कमी झाल्या त्यावरून लागण साधारण किती जुनी असेल याचा अंदाज बांधतात. माणूस गाव सोडून कधी आला आणि त्याची आधीची निगेटिव्ह तपासणी कधीची, हेही त्याला जोडून पाहतात. विषाणूची जनुकं जुळवून त्याची वंशावळही काढतात. पण हे सगळे अंदाज मोठ्या गटासाठी उपयोगी. अमक्याने तमक्याला दिला असं नुसत्या त्यावरून ठरवता येत नाही.

युरोपातल्या नऊ देशांत असाच अभ्यास झाला. तिथेही लोक म्हणत होते, परदेशी माणसं आजार घेऊन येतात. २०१७ साली निष्कर्ष छापून आले. एचआयव्ही असलेल्या स्थलांतरितांपैकी अंदाजे ६३ टक्के लोकांना लागण त्या देशात आल्यानंतर झाली होती. बहुतेकांनी आजार सोबत आणला नव्हता, तो त्यांना तिथे मिळाला होता. एकटेपण, भाषा न कळणं, दवाखाना कुठे ते माहीत नसणं, पकडले जाण्याची भीती, अशा गोष्टींमुळे परका माणूस लवकर सापडतो.

४. आता आपल्याकडे बघा

आपल्या बोटींवर नेपाळचे, कर्नाटकचे, उत्तर प्रदेशचे खलाशी येतात. पण डहाणू-तलासरीकडची आपली पोरं वेरावळ, पोरबंदर, ओख्याच्या बोटींवर जातातच ना? उधना-लिंबायतमध्ये खानदेशातली किती मराठी घरं आहेत! तिकडच्यांसाठी ती पोरं "बाहेरची"च. उद्या तिकडच्या मालकाने आपल्या पोराला रक्त तपासल्याशिवाय बोटीवर घेतलं नाही, तर आपल्याला चालेल का?

५. मालकांनी काय करावं?

• कामावर घेण्यासाठी एचआयव्ही तपासणीची अट घालू नका. एचआयव्ही-एड्स कायदा २०१७ चा, लागू झाला १० सप्टेंबर २०१८ पासून. त्यानुसार अशी अट म्हणजे भेदभाव. संमतीशिवाय तपासणी करता येत नाही. कोणाचा रिपोर्ट त्याच्या संमतीशिवाय बाहेर फोडायलाही कायद्याने मनाई आहे. त्यामुळे सोसायटीला तसा नियम करता येणार नाही.

• त्या तपासणीचा भरवसाही नाही. लागण झाल्यावर सुरुवातीचे काही आठवडे रिपोर्ट निगेटिव्ह येऊ शकतो. मालक निर्धास्त होतो आणि खलाशीही.

• एका ताटात जेवून, एका केबिनमध्ये झोपून, हस्तांदोलनाने, डास चावून एचआयव्ही होत नाही. असुरक्षित संबंध, दूषित सुई, दूषित रक्त आणि आईकडून बाळाला, हेच त्याचे मार्ग. दाढीचं ब्लेड मात्र ज्याचं त्याने वेगळं ठेवावं.

• जून-जुलैच्या बंदीत सगळे घरी असतात. तेव्हा सरकारी दवाखान्यात आपल्या मर्जीने तपासणी करून घ्या. मोफत आहे आणि गुप्त राहते. नवरा-बायको दोघांनी जावं. बाई गरोदर असेल तर आधी. वेळेत औषध सुरू झालं तर बाळ वाचतं.

• कोणी गोळ्या घेत असेल तर त्या बंद पडू देऊ नका. औषध सरकारी एआरटी केंद्रात मोफत मिळतं आणि बंदर बदललं तर केस दुसऱ्या केंद्रात ट्रान्सफर करता येते. निघण्याआधी डॉक्टरांना सांगितलं तर जास्त दिवसांच्या गोळ्याही मिळू शकतात. नियमित गोळ्या घेऊन ज्याच्या रक्तात विषाणू सापडेनासा झाला, त्याच्याकडून संबंधातूनही लागण होत नाही.

या शेवटच्या मुद्द्यावर विचार करा. "कळलं तर मालक काढून टाकेल" या भीतीने जो खलाशी गोळ्या समुद्रात फेकतो, त्याचा जीव धोक्यात, त्याच्या बायकोचाही. आणि जो मालक म्हणतो, "दवाखान्याची तारीख आहे ना? जाऊन ये, पगार कापणार नाही," तो दोन घरं वाचवतो. आजार अडवायचा तो असा, बंदरावर रक्त तपासून अडत नाही.

काही शंका असेल तर १०९७ या मोफत हेल्पलाइनवर फोन करा, नाव सांगायची गरज नाही. पुन्हा तो मेसेज आला तर पुढे पाठवू नका. त्याच्याऐवजी ही पोस्ट पाठवा. आपल्या तांडेलाला आणि खलाशांना वाचून दाखवा.