मे महिन्यात जुळवलेली गाडी जानेवारीत का चिकटते?

विद्यार्थी मित्रांनो, आज एका कोड्यापासून सुरुवात करू. समजा, मालेगावात तुमच्या काकांकडे जुनी राजदूत ३५० मोटरसायकल आहे. काकांनी तिचा मूळचा एअर फिल्टरचा डबा काढून टाकला, दोन्ही कार्ब्युरेटरांना छोटे उघडे फिल्टर लावले आणि मे महिन्यात, ४२ अंश सेल्सिअसच्या उन्हात, कार्ब्युरेटर जुळवून घेतले. गाडी सुरेख चालू लागली. पुढे जानेवारीत एका पहाटे, हवा १० अंशांवर आलेली असताना, काका मुंबई-आग्रा रस्त्याने चांदवडकडे निघाले. मोकळा रस्ता पाहून त्यांनी ॲक्सिलरेटर पूर्ण पिळला आणि राहुड घाटाच्या अलीकडे इंजिन एकदम जाम झाले! मागचे चाक करकचून थांबले. काकांनी त्याच क्षणी क्लच दाबला म्हणून ते पडले नाहीत.

कोडे असे, की इंजिन उन्हाळ्यात तापून चिकटावे, ते थंडीत कसे चिकटले? उत्तर कार्ब्युरेटरमध्ये आहे आणि त्यासाठी लागणारे गणित तुम्हाला शाळेत शिकवलेले आहे.

प्रथम गाडीची ओळख करून घेऊ. राजदूत ३५० हा जपानच्या यामाहा कंपनीच्या गाडीचा भारतीय अवतार. एस्कॉर्ट्स कंपनीने तो १९८३ साली बाजारात आणला. इंजिन ३४७ घन सेंटिमीटरचे, टू-स्ट्रोक, दोन सिलिंडरांचे. प्रत्येक सिलिंडरला स्वतंत्र कार्ब्युरेटर आणि स्वतंत्र सायलेन्सर. म्हणजे एकाच चौकटीत दोन इंजिने शेजारी शेजारी बसवली आहेत म्हणा ना! त्या दोघांचे जमले तर गाडी पळते. नाही जमले तर एक ओढते आणि दुसरे लोंबकळते.

आता कार्ब्युरेटरच्या आत डोकावू. तो एक नळ आहे. मध्यभागी त्याचा कंठ अरुंद असतो. दट्ट्याच्या हालचालीने हवा आत ओढली जाते आणि कंठात तिला वेग वाढवावा लागतो. वेग वाढायचा तर मागून जोर हवा. म्हणजेच मागचा दाब जास्त आणि कंठातला कमी असलाच पाहिजे. कंठाखाली पेट्रोलची वाटी असते. तिच्यातल्या पेट्रोलवर बाहेरच्या हवेचा दाब असतो आणि कंठात दाब कमी, म्हणून पेट्रोल बारीक छिद्रातून वर चढते व तुषार होऊन हवेत मिसळते. या छिद्राच्या पितळी तुकड्याला जेट म्हणतात. वाटीतल्या पेट्रोलची पातळी फ्लोट राखतो, अगदी संडासाच्या टाकीतल्या गोळ्यासारखा.

पेट्रोल किती हवे? पेट्रोल हे अनेक हायड्रोकार्बनांचे मिश्रण आहे. नमुना म्हणून ऑक्टेन घेऊ. ऑक्टेनच्या एका रेणूला पूर्ण जळण्यासाठी ऑक्सिजनचे साडेबारा रेणू लागतात. म्हणजे ११४ ग्रॅम ऑक्टेनला ४०० ग्रॅम ऑक्सिजन. हवेत वजनाने सुमारे २३ टक्के ऑक्सिजन असतो. भागाकार करून पाहा: एक ग्रॅम ऑक्टेनला सुमारे १५ ग्रॅम हवा लागते. पेट्रोलसाठी हा आकडा साधारण १४.७ धरतात. हवा याहून जास्त झाली तर मिश्रण पातळ, कमी झाली तर दाट म्हणू. दाट मिश्रणाने धूर होतो, प्लग काळा पडतो, पेट्रोल वाया जाते. भरधाव गाडीत पातळ मिश्रणाचा धोका मात्र मोठा. पेट्रोलची वाफ होताना ते उष्णता शोषून घेते. पेट्रोल कमी पडले की हा गारवा कमी होतो, पातळ मिश्रण रेंगाळत जळते आणि दट्ट्या तापतो. या गाडीच्या दट्ट्याचा व्यास सुमारे ६४ मिलिमीटर. ॲल्युमिनियमचा मिश्रधातू दर अंशाला दर मिलिमीटरमागे सुमारे ०.००००२ मिलिमीटर प्रसरण पावतो. दट्ट्या नेहमीपेक्षा ५० अंशांनी जास्त तापला तर ६४ × ०.००००२ × ५०, म्हणजे ०.०६ मिलिमीटरने फुगेल. केसाच्या जाडीएवढेच हे अंतर! पण दट्ट्या आणि सिलिंडर यांमधली फटही तेवढीच, किंबहुना त्याहून कमी असते. बाहेरचे बिडाचे अस्तर ॲल्युमिनियमच्या निम्म्यानेच फुगते, ते फट वाढवून देत नाही.

आता थंडीकडे वळू. दाब तोच असेल तर हवेची घनता केल्व्हिन तापमानाच्या व्यस्त प्रमाणात असते. १० अंश म्हणजे २८३ केल्व्हिन, ४२ अंश म्हणजे ३१५. ३१५ ला २८३ ने भागा. जानेवारीच्या पहाटेची हवा मेच्या दुपारपेक्षा सुमारे ११ टक्क्यांनी जड निघते. तेवढाच जास्त ऑक्सिजन सिलिंडरमध्ये जातो. मग पेट्रोलही ११ टक्क्यांनी वाढते का? नाही! इथेच खरी गंमत आहे. हवेचा वेग तोच असेल तर कंठातली दाबाची तूट घनतेच्या प्रमाणात, म्हणजे ११ टक्के वाढते. पण छिद्रातून येणारा द्रव दाबाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतो. (पाण्याच्या टाकीला भोक पाडले, तर धारेचा वेग दुप्पट करण्यासाठी पाण्याची उंची चौपट करावी लागते, हे आठवा.) १.११ चे वर्गमूळ सुमारे १.०५. हवा १११, पेट्रोल १०५. मिश्रण पातळ झाले!

याच्या जोडीला आणखी एक गोष्ट आहे, आणि काकांच्या लक्षात ती आली नसावी. आपल्या पंपांवरील पेट्रोलमध्ये आता २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. देशाने हे उद्दिष्ट २०२५ साली गाठले. इथेनॉलच्या रेणूत ऑक्सिजन आधीच असतो, म्हणून एक ग्रॅम इथेनॉलला सुमारे ९ ग्रॅम हवाच पुरते. त्यामुळे या मिश्र इंधनाचा आकडा १४.७ वरून सुमारे १३.५ वर येतो. जुने जेट मात्र जुन्याच मापाने इंधन देणार! गाडीला सुमारे ८ टक्के इंधन कमी पडते. उघड्या फिल्टरांनी हवेची वाट मोकळी केली, ती भर वेगळीच. मेच्या विरळ हवेने हा दोष झाकला होता. जानेवारीने तो उघडा पाडला.

उपाय काय? पूर्ण वेगाला इंधन देणारे मुख्य जेट थोडे मोठे घालायचे. किती? छिद्राचे क्षेत्रफळ ८ टक्के वाढवायचे तर व्यास फक्त ४ टक्के वाढतो. एक मिलिमीटरचे छिद्र १.०४ चे होते. यावरून एक गोष्ट ओळखा: जेट साफ करताना त्यात सुई किंवा तार खुपसणे किती घातक आहे! पितळ मऊ असते. एकच ओरखडा सगळे माप बिघडवतो. जेट नेहमी हवेच्या झोताने साफ करावे.

मग जुळवणी. दोन्ही वाट्यांत पेट्रोलची पातळी सारखी आहे ना, हे आधी पाहतात. ती चुकली तर पुढचे सगळे कष्ट फुकट. नंतर इंजिन बंद ठेवून ॲक्सिलरेटर किंचित पिळून पटकन सोडतात. दोन्ही कार्ब्युरेटरांतील सरकत्या झडपा खाली आपटतात. ‘टक्’ असा एकच आवाज आला तर जमले. ‘ट-टक्’ आला तर एक मागे आहे, तिची केबल कसायला हवी. यंत्रमागांच्या खडखडाटात वाढलेल्या मालेगावकर कानांना हा फरक सांगावा लागू नये. मग इंजिन तापवून प्रत्येक बाजूचा हवेचा स्क्रू पाव-पाव फेरा फिरवतात आणि इंजिन सर्वांत जलद व एकसारखे फिरेल तिथे थांबतात. हा स्क्रू आत कसला की मिश्रण दाट, बाहेर काढला की पातळ. मात्र तो फक्त मंद गतीपुरता आहे. काकांनी बहुधा तेवढाच फिरवून समाधान मानले असावे. मध्यल्या गतीला निमुळती सुई आणि पूर्ण गतीला मुख्य जेट, अशी कामाची वाटणी असते.

शेवटची साक्ष प्लगची. तो दोन्हीकडे कॉफीच्या रंगाचा हवा. पांढरा दिसला तर मिश्रण पातळ आहे. एक पांढरा आणि एक तपकिरी निघाला, तर दोन कार्ब्युरेटरांत अजून भांडण आहे. ही कामे जाणत्या माणसाबरोबर, उघड्या जागेत आणि विस्तवापासून दूरच करावी. बंद खोलीत धुरातला कार्बन मोनॉक्साइड जीव घेतो.

१ एप्रिल २०२० रोजी भारत-६ हे प्रदूषणाचे निकष लागू झाल्यापासून नव्या मोटरसायकलींत कार्ब्युरेटर जवळजवळ दिसत नाही. तिथे हवेचे तापमान आणि दाब संवेदक मोजतात आणि इंधन किती द्यायचे ते संगणक ठरवतो. आपण वर केलेला भागाकार तो दर क्षणी करत असतो. आता एक प्रश्न तुमच्यासाठी. हीच जुनी गाडी, जेट न बदलता, मालेगावाहून सप्तशृंगी गडावर नेली, तर मिश्रण पातळ होईल की दाट? मालेगाव समुद्रसपाटीपासून सुमारे ४४० मीटरवर आहे आणि गड त्याहून बराच उंच. तापमान बदलत नाही असे धरा.