दुबराजची उंची

गोंदियाहून रेल्वेने पूर्वेकडे निघाले की काही तासांत रायपूर येते. पावसाळ्यात या वाटेवर रुळांच्या दोन्ही बाजूंना पाण्याने भरलेल्या बांध्या दिसतात. कोकणात ज्याला भात म्हणतात, त्या पिकाला भंडारा-गोंदियाप्रमाणे इकडेही धान म्हणतात, आणि छत्तीसगडची ओळखच ‘धानाचा कटोरा’ अशी आहे. या कटोऱ्यातील एक सुवासिक धान म्हणजे दुबराज. धमतरी जिल्ह्यातील नगरी भागाच्या दुबराजला २०२३ साली भौगोलिक मानांकनही मिळाले. असे असूनही हे धान पेरणारे शेतकरी कमी होत गेले होते. त्याचे कारण आणि त्यावरील उपाय या पाठात पाहू. मध्ये काही कोडी येतील. उत्तर वाचण्यापूर्वी ती कागदावर सोडवून पाहावीत.

दुबराजचे रोप उंच वाढते आणि उशिरा पिकते. लोंबी भरू लागली की बारीक, उंच ताटाला तिचा भार पेलत नाही. वाऱ्या-पावसाच्या एका सपाट्यात उभे पीक लोळते आणि दाणे चिखलात जातात. खत जास्त दिले तर ताट आणखी वाढते, म्हणजे लोळण्याची भीतीही वाढते. त्यामुळे शेतकरी स्वर्णा, महामाया अशा बुटक्या वाणांकडे वळले. सुगंधाच्या प्रेमाने पोट भरत नाही. त्यांना दोष देता येणार नाही.

मग दुबराजचा संकर एखाद्या बुटक्या वाणाशी का करू नये? करता येतो. परंतु संकरात दोन्ही वाणांचे हजारो गुण एकमेकांत मिसळतात. बुटकेपणा येतो, पण सुगंध, दाण्याचा आकार आणि चव विस्कटते. ती पुन्हा जुळवण्यासाठी अनेक पिढ्या खर्ची पडतात. आपल्याला तर बाकी सारे तसेच ठेवून केवळ उंची आणि कालावधी बदलायचा आहे.

हे काम रायपूरच्या इंदिरा गांधी कृषी विश्वविद्यालयाने मुंबईजवळील तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्राच्या सहकार्याने हाती घेतले. कोरड्या बियाण्यावर गॅमा किरण सोडले की पेशींतील जनुकांमध्ये कोठेतरी लहानसा बदल होतो. यालाच उत्परिवर्तन म्हणतात. धानाच्या बियाण्याला सुमारे ३०० ग्रे इतकी मात्रा देतात. माणसाला एकाच वेळी ५ ग्रे मिळाले तरी जीव धोक्यात येतो. कोरडे बी मात्र ही मात्रा सोसून उगवते.

असा तांदूळ खाणे सुरक्षित आहे का, ही शंका तुमच्या मनात आली असेल. दिवा मालवल्यावर खोलीत उजेड साठून राहत नाही. त्याचप्रमाणे गॅमा किरण बियाण्यातून आरपार जातात, त्यात साठत नाहीत. बी किरणोत्सर्गी होत नाही, आणि त्यात बाहेरचे कोणतेही जनुक घातलेले नसते.

हे किरण बहुधा कोबाल्ट-६० या पदार्थापासून मिळवतात. त्याची शक्ती दर ५.२७ वर्षांनी निम्मी होते. आज बियाण्याला ठरावीक मात्रा द्यायला १० मिनिटे लागत असतील, तर याच साठ्याने सुमारे १६ वर्षांनी किती मिनिटे लागतील? (शक्ती तीनदा निम्मी होईल, म्हणून वेळ तीनदा दुप्पट: ८० मिनिटे.)

आता खरे कोडे. किरण दिलेले बियाणे पेरले, तर पहिल्या पिढीत टिकाऊ बुटकेपणा सहसा दिसत नाही. का बरे? प्रत्येक जनुकाच्या दोन प्रती असतात. किरणांमुळे त्यांपैकी एकच बदलते; दुसरी शाबूत प्रत आपले काम करते आणि रोप उंच वाढते. धानात स्वपरागण होते. त्यामुळे पुढच्या पिढीत दोन्ही बदललेल्या प्रती सरासरीने चारांतील एका रोपात एकत्र येतात आणि ते रोप बुटके होते. बदल कधी कधी रोपाच्या एखाद्याच फांदीत झालेला असतो, म्हणून प्रत्यक्षात हे प्रमाण याहून कमीही भरते.

एक विद्यार्थी म्हणाला, “चारांत एक बुटके, तर चार बिया पेरल्या की झाले!” त्याचे बरोबर आहे का? एक रोप उंच निघण्याची शक्यता तीन-चतुर्थांश. चारही उंच निघण्याची शक्यता तीन-चतुर्थांश चार वेळा गुणून, म्हणजे ८१/२५६. सुमारे एक-तृतीयांश वेळा त्याचे हात रिकामे राहतील! ही शक्यता शेकडा १ वर आणायची, तर १६ रोपे लावावी लागतात.

किरण आंधळे असतात. कोणते जनुक बदलायचे हे ते जाणत नाहीत. बहुतेक बदल निरुपयोगी किंवा घातकच ठरतात. म्हणून हजारो रोपांतून हवे ते हेरण्यासाठी संशोधकांना हंगामामागून हंगाम चिखलात उभे राहावे लागते. मला तर या तंत्राचा हाच भाग अधिक अवघड वाटतो. अशा निवडीतून बुटके, लवकर येणारे आणि तरीही सुवासिक असे दुबराज हाती आले. ‘ट्रॉम्बे छत्तीसगड दुबराज म्युटंट-१’ या लांबलचक नावाने ते २०१९ साली शेतकऱ्यांसाठी प्रसारित झाले. जुन्या सफरी-१७ या धानापासून ‘विक्रम-टीसीआर’ हा वाणही असाच घडवला गेला.

नवे तंत्र अधिक नेमके आहे. जनुक-संपादनात ठरवलेल्या जागीच बदल करता येतो. मे २०२५ मध्ये असे दोन भारतीय वाण जाहीर झाले. त्यांतील ‘कमला’ हा हैदराबादच्या संस्थेने सांबा मसुरी या प्रचलित वाणापासून तयार केला.

किरण असोत की संपादन, बदल करायला मुळात बी हवे. ते रायपुरात आहे, याचे श्रेय डॉ. आर. एच. रिछारिया (१९०९–१९९६) यांच्याकडे जाते. १९७० च्या दशकात त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गावोगाव हिंडून धानाचे हजारो देशी वाण गोळा केले. आज विश्वविद्यालयाच्या संग्रहात तेवीस हजारांहून अधिक नमुने आहेत. दुबराजला मिळाला तसा नवा जन्म त्यांतील मोजक्याच वाणांना मिळाला आहे.

शेवटचे कोडे तुमच्यासाठी. दुसऱ्या पिढीतील ८० रोपांत २० बुटकी आणि ६० उंच निघाली. या उंच रोपांपैकी किती रोपांत बुटकेपणाची एक प्रत दडलेली असेल, आणि कोणतेही यंत्र न वापरता, केवळ शेतात, ती कशी ओळखता येतील?