अक्षरांचे नंबर

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. मराठीची प्रश्नपत्रिका मी घरच्या संगणकावर टाइप केली. ती सीडीवर घेऊन कोल्हापुरात बिंदू चौकाजवळच्या एका दुकानात छापायला गेलो. पडद्यावर पाहतो तो काय! प्रश्नांच्या जागी इंग्रजी अक्षरांची नुसती भेळ. "सर, तुमचा फॉन्ट आमच्याकडं नाही," दुकानदार म्हणाला. परीक्षा तर दुसऱ्याच दिवशी. रात्री सारी प्रश्नपत्रिका हाताने लिहिली आणि पहाटे झोपलो.

मुलांनो, असे का झाले? संगणकाला अक्षर कळत नाही. त्याला फक्त आकडा कळतो. जुन्या फॉन्टमध्ये इंग्रजी अक्षराच्या आकड्यावरच मराठी अक्षराचे चित्र बसवलेले असे. कोणते चित्र कुठे बसवायचे, हे फॉन्ट बनवणारा आपल्या मनाने ठरवी. फॉन्ट नसला, की खालचे इंग्रजी अक्षर उघडे पडे.

१९९१ साली युनिकोडची पहिली आवृत्ती निघाली. त्यात अनेक लिप्यांच्या अक्षरांना स्वतःचे नंबर मिळाले. मराठी 'क'चा नंबर २३२५, उर्दू 'काफ'चा १७०५. गंमत म्हणजे अरबी 'काफ'चा नंबर वेगळा आहे, १६०३. शब्दाच्या सुरुवातीला दोन्ही काफ सारखेच दिसतात. तरीही अरबी काफने लिहिलेला 'किताब' शब्द उर्दू काफने शोधला, तर कधी कधी सापडत नाही!

आज मी मोबाइलवर मराठीत प्रश्न लिहितो, पालकांना उर्दूत निरोप धाडतो. दोन्ही नीट पोहोचतात. ती सीडी अजून कपाटात आहे. तिचा फॉन्ट मात्र आता माझ्याकडेही नाही.