‘मला वाटलं, तुमच्याकडे आहे’

एप्रिलमधली दुपार, साडेबाराचा सुमार. लासलगावात उन्हाळ कांद्याची आवक भरात होती. बाजार समितीकडे जाणाऱ्या रस्त्यावर ट्रॅक्टर आणि पिकअपची रांग लागलेली. दोन हात पुढे सरकायचं आणि थांबायचं, असं चाललेलं. त्या रांगेतल्या एका ट्रॉलीखाली चार वर्षांचा पोरगा उकिडवा बसून सांडलेले कांदे टोपीत गोळा करत होता. पाठीला दप्तर, गळ्यात पाण्याची बाटली. मागच्या ट्रॅक्टरवरच्या शेतकऱ्याला तो दिसला, त्याने बोंब ठोकली, पुढच्याने इंजिन बंद केलं. पोरगा रडायला लागला, पण तो टोपीतले कांदे सांडले म्हणून.

त्याला कडेवर घेऊन तो शेतकरी बालवाडीच्या फाटकाशी आला, तेव्हा तिथल्या बाई एका पालकाशी फीबद्दल बोलत होत्या. पोरगा हरवला होता हे त्यांना तो सापडल्यावर कळलं.

त्या बाई म्हणजे प्रस्तुत लेखिकाच. आपली चूक सांगताना ‘मी’ आला की मागोमाग सबबी येतात, म्हणून इथे व्याकरणातला पुरुष बदलून घेतला आहे.

संध्याकाळी बाईंनी सगळ्यांना बसवून विचारलं. मदतनीस मावशी एका मुलीला घेऊन मोरीकडे गेल्या होत्या. जाताना त्यांनी बाईंना हाक मारून सांगितलं होतं, असं त्यांचं म्हणणं. बाईंना हाक ऐकू आली नव्हती. रिक्षावाल्या काकांनी पाच मुलं मोजली, सहावा नाही म्हणजे आज त्याची आजी न्यायला आली असणार, असं धरलं. आजी घरी होती, कारण रोज रिक्षा येते. तिघांच्याही तोंडी एकच वाक्य होतं : ‘मला वाटलं, तुमच्याकडे आहे.’ कोणीही खोटं बोलत नव्हतं. कामचुकार तर कोणीच नव्हतं. पोरगा एका हातातून दुसऱ्या हातात जाताना मधल्या फटीतून निसटला होता.

ही फट एकदा दिसू लागली की सगळीकडे दिसते. सुरक्षितता म्हटलं की लोक कॅमेरे, कुंपण, भिंतीवरचं लाल अग्निशामक नळकांडं यांच्याबद्दल बोलतात. ते हवंच. पण मूल वर्गात बसलेलं असताना फारसं काही घडत नाही. घडतं ते आई सोडून गेल्यावर आणि बाईंनी हात धरण्याआधी, वर्ग आणि मोरी यांच्यामध्ये, खाऊची वेळ संपल्यावर, सुट्टीच्या दहा मिनिटांत.

दुसऱ्या दिवशीपासून बाईंनी काय केलं, ते अगदी साधं आहे. फाटकाशी एक वही आली. आणणाऱ्याचं नाव, वेळ, सही. नेणाऱ्याचं नाव, वेळ, सही. ज्यांना लिहिता येत नाही त्यांचा अंगठा. प्रत्येक मुलामागे तीनच माणसं न्यायला येऊ शकतील, त्यांचे फोटो वहीत चिकटवले आणि प्रत्येकाला शिक्का मारलेला पत्र्याचा एकेक बिल्ला दिला. सुट्टीच्या वेळी फाटकावर एकच माणूस राहील आणि तो फक्त फाटकच बघेल. फी, डबा, कोणाच्या भाचीच्या लग्नाची चौकशी, सगळं नंतर. मुलं दिवसातून चार वेळा मोजायची, आणि मोजून आकडा मोठ्याने बोलायचा. शेवटची गोष्ट बोलण्याची. मूल दुसऱ्याच्या ताब्यात देताना ‘हा घ्या’ म्हणायचं, समोरच्याने ‘घेतला’ म्हणायचं. ‘घेतला’ ऐकू आलं नाही तर दिलाच नाही असं समजायचं. पहिला आठवडा सगळे हसत होते.

माणसंही पुरेशी हवीत. राष्ट्रीय बालहक्क संरक्षण आयोगाने खासगी प्ले स्कूलसाठी जी नियमावली काढली, तिच्यात वीस मुलांमागे एक शिक्षिका आणि शिवाय एक सांभाळणारी, असं प्रमाण आहे. त्या दिवशी बाईंकडे चौतीस मुलं होती आणि दोघीच होत्या. एक मोरीकडे गेली की चौतिसांमागे एक. हिशेब आधीच मांडला असता तर त्यातच उत्तर होतं.

फट फक्त मुलाच्या बाबतीतच पडते असं नाही. बिहारमधल्या सारण जिल्ह्यात गंडामन नावाच्या गावी 16 जुलै 2013 रोजी शाळेतलं जेवण जेवून 23 मुलं दगावली. अन्नात मोनोक्रोटोफॉस हे कीटकनाशक सापडलं. तेल ज्या डब्यात होतं तो आधी कीटकनाशकाचा होता. स्वयंपाक करणाऱ्या बाईंना तेलाचा वास वेगळा वाटला होता, असं तेव्हाच्या बातम्यांत आलं होतं. म्हणजे शंका एकीच्या मनात होती आणि निर्णय दुसरीच्या हातात. लासलगावच्या निफाड तालुक्यात हे वाचून अंगावर काटा यायला हवा, कारण इथे कांद्यावरच्या फुलकिड्यांसाठी आणि द्राक्षांच्या बागांसाठी घरोघरी फवारणीची औषधं असतात, आणि रिकामा कॅन धुऊन पुन्हा वापरायची सवय अजून गेलेली नाही. बालवाडीत बाहेरून भरून आलेला कुठलाही कॅन, बाटली, डबा स्वयंपाकघरात घ्यायचा नाही. शिजवलेलं आधी मोठ्या माणसाने चाखायचं, थोडं थांबायचं, मग वाढायचं. आणि मावशींना वास आला तर ते जेवण थांबवण्याचा अधिकार मावशींचाच. बाईंना विचारायला जाण्याचीसुद्धा गरज नाही.

त्याच तारखेला, पण 2004 साली, तमिळनाडूतल्या कुंभकोणममध्ये शाळेच्या स्वयंपाकघरातली आग गवती छपराला लागली आणि 94 मुलं गेली. त्यानंतर 2009 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शाळांच्या अग्निसुरक्षेबद्दल देशभरासाठी आदेश दिले. लासलगावातल्या भाड्याच्या दोन खोल्यांत चालणाऱ्या बालवाडीला त्यातलं काय लागू करता येईल? सिलिंडर मुलांच्या खोलीबाहेर ठेवता येतो. बाहेर पडायचे रस्ते दोन हवेत, आणि त्यांतल्या दुसऱ्या दारापाशी कांद्याच्या गोण्या किंवा जुनी बाकं रचायची नाहीत. बाईंच्या मागच्या दाराला तीन वर्षं कुलूप होतं आणि किल्ली घरमालकाकडे होती. हे लिहिताना आजही लाज वाटते.

आता ज्याबद्दल बोलायला सगळ्यात जड जातं ते.

ऑगस्ट 2024 मध्ये बदलापूरच्या एका शाळेत शिशुवर्गातल्या दोन मुलींवर लैंगिक अत्याचार झाल्याचं उघड झालं. आरोप शाळेत सफाईच्या कामाला ठेवलेल्या पुरुष कर्मचाऱ्यावर होता. तो कामावर येऊन जेमतेम दोन आठवडे झाले होते. पालकांना गुन्हा नोंदवून घ्यायला तासन्‌तास पोलीस ठाण्यात ताटकळावं लागलं. 20 ऑगस्टला लोक रेल्वे रुळांवर उतरले, मग मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली. कळूनही पोलिसांना कळवलं नाही, म्हणून शाळेच्या जबाबदार माणसांवरही गुन्हा दाखल झाला. कॅमेऱ्यांबद्दल पुष्कळ चर्चा झाली. बाईंच्या मनात मात्र एकच प्रश्न राहिला : चार वर्षांच्या मुलीला मोरीकडे कोण नेणार, हे त्या दिवशी ठरलेलं होतं का?

बाईंच्या बालवाडीत आता ते काम फक्त मावशींचं किंवा बाईंचं. दार पूर्ण लोटायचं नाही. सुतार, रंगारी, गॅसवाला यांना मुलं असताना आत घेत नाहीत. नवीन माणूस कामावर ठेवायचा तर पोलीस पडताळणी आधी, काम नंतर. ‘ओळखीतला आहे’ ही पडताळणी नव्हे. ओळखीतल्यांबद्दलच तर अधिक सावध राहावं लागतं.

कायद्याचं एक कलम मात्र प्रत्येक बालवाडीच्या बाईंना तोंडपाठ हवं. 14 नोव्हेंबर 2012 पासून लागू झालेल्या पोक्सो कायद्याच्या कलम 19 प्रमाणे, मुलावर असा गुन्हा झाल्याचं कळलं, किंवा होण्याची शक्यता वाटली, तरी पोलिसांना कळवणं कोणाच्या मर्जीवर सोडलेलं नाही. न कळवणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत, आणि हाताखालच्या माणसाचा गुन्हा लपवणाऱ्या संस्थेच्या प्रमुखाला वर्षापर्यंत शिक्षा होऊ शकते. प्रामाणिकपणे कळवलं आणि पुढे ते खरं निघालं नाही, तरी कळवणाऱ्याला दोष लागत नाही. आधी खात्री करून घेऊ, संस्थेच्या अध्यक्षांना विचारू, आईला समजावू, असल्या मधल्या पायऱ्या कायद्यात नाहीत. मुलाला पुन्हा पुन्हा खोदून विचारायचं नाही. जे बोललं ते त्याच्याच शब्दांत, तारीख-वेळ घालून लिहून ठेवायचं आणि 112 किंवा 1098 वर फोन करायचा. मुलाचा जबाब त्याच्या घरी किंवा त्याला बरं वाटेल तिथे घेतला जातो, होता होईल तो महिला अधिकाऱ्याकडून आणि साध्या कपड्यांत. हे पालकांना सांगितलं की त्यांची निम्मी धास्ती कमी होते. मुलाचं नाव कुठेही बाहेर जाता कामा नये. पालकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर तर नाहीच नाही.

खाण्याबद्दल थोडं. निफाड म्हणजे द्राक्षांचा तालुका, हंगामात मुलांच्या डब्यात द्राक्षं असायचीच. अख्खं द्राक्ष लहान मुलाच्या घशात बुचासारखं बसतं. उभे चार तुकडे करून द्यायचे. अख्खे शेंगदाणे आणि फुटाणे या वयात नकोतच. घास अडकला आणि मूल जोरात खोकत असेल तर खोकू द्यायचं. आवाजच फुटत नसेल तर पुढे वाकवून दोन खांद्यांच्या मधोमध तळहाताच्या टाचेने पाच थापा, मग मागून मिठी घालून बेंबीच्या वर पाच वेळा आत-वर दाब, आणि हे आलटून पालटून. वर्षाखालच्या बाळाचं पोट दाबायचं नाही. त्याला पाठीवर थापा आणि छातीच्या मध्यावर दाब. घशात आंधळेपणाने बोट घालायचं नाही. दुसऱ्या कोणीतरी लगेच 108 लावायचा. हे वाचून येत नाही, बाहुलीवर करून शिकावं लागतं.

पाण्याचं तर सांगायलाच नको. शेततळ्याचा प्लास्टिकचा कागद ओला झाला की मोठ्या माणसालाही वर येता येत नाही, हे इथे सगळ्यांना ठाऊक आहे. पण दोन वर्षांच्या मुलाला अर्धी बादली पुरते. बाईंकडे बादल्या रोज वापरून झाल्या की पालथ्या.

एक गोष्ट मात्र वहीने सुटत नाही. बाईंकडची निम्मी मुलं व्यापाऱ्यांच्या खळ्यावर कांदा निवडणाऱ्या बायकांची. बालवाडी साडेबाराला सुटते, आईचं काम संध्याकाळी. कायद्याने पन्नास किंवा अधिक कर्मचारी असतील तिथे पाळणाघर हवं. खळ्यावर दहा-वीस बायका, त्याही रोजावर. बांधकामावरच्या मजूर बायांच्या मुलांसाठी मीरा महादेवन यांनी 1969 मध्ये दिल्लीत ‘मोबाइल क्रेशेस’ सुरू केलं. जिथे आई तिथे पाळणाघर, अशी ती कल्पना. त्याआधी ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी-कोसबाडच्या पाड्यांवर शाळाच मुलांच्या अंगणात नेली, आणि अंगणवाडी हा शब्द रुजला. त्या अंगणाला फाटक नव्हतं, मूल कोणाच्या ताब्यातून कोणाच्या ताब्यात जातच नव्हतं. लासलगावच्या चार-पाच खळ्यांनी मिळून एक खोली आणि दोन बाया ठेवल्या, तर खर्च फार येणार नाही. बाई व्यापाऱ्यांना हे सांगत असतात. मान डोलावणारे पुष्कळ आहेत.

मागच्या हंगामात एका मुलाची आजी बिल्ला न घेता आली. मावशींनी अडवलं. ‘माझाच नातू, आणि मलाच पुरावा मागता?’ आजी फाटकातच कडाडल्या. वहीत फोटो होता, पण तो आजोबांचा. आईला फोन लावला, ती खळ्यावर, फोन उचलेना. आजींना सावलीत बसवलं, चहा दिला, त्यांनी तो रागारागाने प्यायला. नातू जाळीतून ‘आजी, आजी’ करत होता. बाईंनाही वाटलं, द्यावा सोडून, पोरगा तर ओळखतोय. पंचवीस मिनिटांनी आईचा फोन आला, वहीत नोंद झाली. ‘हा घ्या,’ मावशी म्हणाल्या. आजी काही बोलेनात. मावशींनी पोराचा हात सोडला नाही. ‘घेतला, घेतला बाई!’

दुसऱ्या दिवशी आजी आल्या, तेव्हा बिल्ला पदराच्या टोकाला गाठ मारून बांधलेला होता.