गत्यंतर नसलेल्यांचं व्याकरण

धाराशिव

चि. बाळास,


डिसेंबरच्या पहिल्या रविवारी तुझी जपानी भाषेची एन-वनची परीक्षा. 'ओ योगिनाकु सारेरु' हा प्रयोग काही केल्या डोक्यात राहत नाही, असं परवा फोनवर म्हणालीस. वहीत त्याच्यापुढे 'करावं लागणे' एवढंच लिहिलंयस, म्हणून तो निसटतो. असे दहा प्रयोग त्याच अर्थाचे आहेत.

त्याची फोड कर. 'योगि' म्हणजे दुसरा मार्ग, 'नाकु' म्हणजे नसणं, 'सारेरु' हे कर्मणी रूप. मराठीत याला नेमका जोडीदार आहे, गत्यंतर. गती म्हणजे मार्ग, अंतर म्हणजे दुसरा. गत्यंतर उरलं नाही, की जपानी माणूस हा प्रयोग लिहितो.

मार्च २०११च्या भूकंपानंतर फुकुशिमाच्या लोकांबद्दल जपानी वर्तमानपत्रांत 'हिनान सेइकात्सु ओ योगिनाकु सारेता' हे शब्द पुन्हा पुन्हा येत. निर्वासितासारखं जगणं त्यांच्या वाट्याला आलं. इथं 'ओ'च्या आधी क्रियापद नाही, नाम आहे. 'चूशि' म्हणजे रद्द होणं, 'तेत्ताइ' म्हणजे माघार, अशीच नामं तिथं बसतात. कर्ता भोगणारा असतो. भूकंपालाच कर्ता केलंस तर शेवट 'सासेरु' होतो. ही जोडी पक्की वेगळी ठेव.

आता आपल्या सास्तूरचं बघ. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे चारच्या सुमारास जमीन हलली. जाड दगडी भिंती आणि वरचं मातीचं माळवद झोपलेल्या माणसांवर आलं. किल्लारी-सास्तूरच्या पट्ट्यात दहा हजारांच्या आसपास माणसं गेली आणि कितीतरी गावं नव्या जागी वसवावी लागली. तुझी आजी एवढंच म्हणायची, "गाव सोडावं लागलं." वर्तमानपत्र लिहितं, 'ग्रामस्थांना स्थलांतराशिवाय गत्यंतर उरले नाही.' दोन्ही खरं. पहिलं घरातलं बोलणं, दुसरं नोंदीची भाषा. 'योगिनाकु सारेरु' ही नोंदीची भाषा आहे. मैत्रिणीशी बोलताना 'नाकेरेबा नारानाकात्ता' पुरेसं. बस चुकली म्हणून चालत आलीस, तर त्याला हा प्रयोग लावू नकोस. शब्दाचं वजन प्रसंगाला पेलायला हवं.

एन-वनमध्ये लिहायला काहीच नसतं, नुसते पर्याय निवडायचे. त्यामुळे मुलं प्रयोग ओळखायला शिकतात, वापरायला नाही. पुढं तुला भाषांतर करायचंय. ज्यांचं सगळं गेलं, त्यांच्याबद्दलचं एखादं वाक्य कधीतरी तुझ्या हाताखालून जाईल. ते हलकं होता कामा नये. म्हणून रोज तीन वाक्यं स्वतःच्या हातानं लिही. नाम आधी, मग 'ओ', मग हा प्रयोग. आणि प्रत्येक वाक्याला विचार, इथं खरंच दुसरी वाट नव्हती का?

पहिलं वाक्य सास्तूरवर लिही आणि रविवारपर्यंत मला पाठव.

तुझी,
आत्या